‘टर्मिनेटर २’चे यश केवळ तंत्राचे आहे का?

प्रश्न : ‘टर्मिनेटर’ या विज्ञानपटाच्या १९८४ च्या पहिल्या भागानंतर दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी १९९१ मध्ये सुमारे १० कोटी डॉलर खर्चून हा उत्तरभाग काढला. त्याचे यश निव्वळ तंत्राचे मानावे का?

उत्तर १ : मला तसे वाटत नाही. मनोरुग्णालयाच्या गजांमधून पाऱ्यासारखा यंत्रमानव आरपार जातो, पण हातातले पिस्तूल गजांना अडून खट्ट वाजते आणि मनगट वळवून ते सोडवावे लागते. संगणकाच्या करामतीला वजन येते ते या अडखळण्यामुळे.

उत्तर २ : सहमत. मात्र दोन यंत्रमानवांपैकी रक्षक कोण आणि मारेकरी कोण, हे पूर्वार्धात जपून झाकलेले असताना जाहिरातींनीच ते फोडले. शिवाय पोलाद कारखान्यातला शेवट लांबला आहे.

उत्तर ३ : लांबी खटकत नाही, पोलिसांच्या गुडघ्यांवर गोळ्या झाडणारा ‘अहिंसक’ नायक मात्र पचत नाही.