बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या सापडल्यात, २० मिनिटांत काय ऐकवू आणि काय सांगू?

गोदाकाठचा_बाळ्या:
नमस्कार मंडळी. रविवार कारंजाजवळचा आमचा वाडा पाडायला काढलाय, त्यामुळे गेले दोन रविवार माळा उपसणं चालू आहे. परवा पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या धोतरांच्या घडीत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) पाच तबकड्या निघाल्या. दोन फुटक्या, एकीला केसासारखी चीर, दोन धड. लेबलं बरीचशी उडालीयत पण धड असलेल्यांपैकी एकीवर 'स्वयंवर' आणि एकीवर 'एकच प्याला' एवढं वाचता येतं. मग काय, आईने ज्येष्ठ नागरिक संघात सांगून टाकलं आणि पुढच्या महिन्यात मला २० मिनिटं बोलायला उभं केलंय. मी कॉम्प्युटरवाला माणूस, नाटकातलं शून्य कळतं. सुरुवात कुठून करू? कुठली गाणी? नाशिकचं काही जोडता आलं तर भारी. आणि हो, मित्राकडे टर्नटेबल आहे, त्यावर लावू ना?

सुईवाला:
थांबा!! आधी शेवटच्या प्रश्नाचं. मित्राच्या टर्नटेबलला ७८ चा स्पीड आहे का बघा, बऱ्याच नव्या मशीनला फक्त ३३ आणि ४५ असतो. आणि सुई वेगळी लागते, एलपीची सुई बारीक असते, ती ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. धुताना स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काहीही लावू नका, या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या एका नातेवाइकाने सॅनिटायझरने पुसून चकचकीत करायला घेतली होती, चकचकीत झाली पण गाणं गेलं. कोमट नको, साधं पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल भिजू द्यायचं नाही. चीर असलेली लावू नका, सुई जाईल.

तिसरी_घंटा:
जन्मतारखेपासून सुरू करू नका एवढीच विनंती, अर्धी मंडळी पहिल्या पाच मिनिटांत पेंगतील. नाशिकपासून करा ना. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा कार्यक्रम, नाटक संगीत शारदा, कंपनी किर्लोस्कर. नाटकाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, पण ज्या कंपनीचं नाटक होतं तिच्यात तेव्हा नारायण श्रीपाद राजहंस नावाचा, म्हणजे आपल्या बालगंधर्वांचाच, एकवीस वर्षांचा मुलगा नायिकेची कामं करत होता, हे सांगितलंत की सगळे कान टवकारतील. १९०५ ला तो कंपनीत आला तो शकुंतला म्हणून. मग १९११ चं मानापमान, १९१३ ला गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर स्वतःची कंपनी, गंधर्व नाटक मंडळी, १९१६ चं स्वयंवर. इतकं पुरे.

पडद्यामागचा:
@तिसरी_घंटा एक भर घालतो. शारदा म्हटलं की जुन्या लोकांना पहिले आठवायचे ते केशवराव भोसले, 'मूर्तिमंत भीती उभी' गाऊन ते पोरवयातच गाजले होते. पुढे ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवरावांची आणि बालगंधर्वांची अशा दोन्ही कंपन्यांनी मिळून संयुक्त मानापमान केलं, केशवराव नायक धैर्यधर आणि नारायणराव नायिका भामिनी. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेलेच. ही गोष्ट दोन मिनिटांत होते आणि लोकांना आवडते.
मानापमानच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी वारली तरी नारायणराव रंगमंचावर उभे राहिले, ती हकीकत मात्र टाळाच. खरी आहे, पण प्रत्येक वक्ता तिथेच रुमाल काढतो, तुमच्या ज्येष्ठांनी ती पन्नास वेळा ऐकली असणार.

गोदाकाठचा_बाळ्या:
बाप रे, मी तीच शेवटाला ठेवली होती 😅 काढली. सुईवाला काका, सॅनिटायझर हातातच होता हो! गाण्याचं सांगा आता. स्वयंवर मोबाइलवर ऐकलं, खरं सांगू का, गाणं आवडलं पण एवढं वेड लागण्यासारखं काय ते कळलं नाही. तीन मिनिटांत संपतं.

सुईवाला:
तिथेच तर गोम आहे. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. 'नाथ हा माझा' यमन आहे, चाल भास्करबुवा बखल्यांची, रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत ते फुलत जायचं, खाली ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, पुढे तबल्याला थिरकवाँ. तबकडीत त्याच माणसाला घड्याळ बघून गायला लावलंय. हे आधी सांगा आणि मगच लावा, नाहीतर तुमच्यासारखंच सगळ्यांचं होईल.

जात्यावरची:
मी एवढी जाणकार नाही, पण स्वयंवरपेक्षा एकच प्याला लावा असं मला वाटतं. शालू, अत्तरं, बायका त्यांच्यासारखं नेसायच्या वगैरे सगळे सांगतात, पण एकच प्यालातल्या नायिकेकडे, सिंधूकडे शालू कुठला, नवरा वकील आणि दारूत बुडालेला, ती दळण दळून घर चालवते. माझ्या आजीने लग्नाआधी पुण्याला ते नाटक पाहिलं होतं. तिला गाण्यातलं काही सांगता यायचं नाही. ती एवढंच म्हणायची, "अगं, त्या बाप्याला जात्याचा खुंटा धरता येत होता." स्वतः रोज पहाटे दळायची ना, त्यामुळे तिचं लक्ष हातावर. दळणारी बाई खुंटा गच्च आवळत नाही, सैल धरते, नाहीतर तळहाताला फोड येतात, आणि ओंजळीतलं धान्य दुसऱ्या हाताने न बघता टाकते. हे त्याने बरोबर केलं म्हणून आजीने त्याला बाई मानलं. आता हे कितपत खरं, किती आजीच्या मनचं, देव जाणे, पण मला ते नटाच्या कामाचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट वाटतं.

तिसरी_घंटा:
ताई, माझं 'इतकं पुरे' मागे घेतो, शेवट यानेच करा. 'एकच प्याला'चे लेखक गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि नाटक रंगभूमीवर आलं २० फेब्रुवारीला, बडोद्याला. म्हणजे लेखकाने आपली सिंधू पाहिलीच नाही. पदंही बरीचशी वि. सी. गुर्जरांनी लिहिलेली. सुधाकरचं, म्हणजे सिंधूच्या नवऱ्याचं काम गणपतराव बोडसांचं. 'कशि या त्यजू पदाला' असेल तुमच्या तबकडीवर तर सोनं आहे.

पडद्यामागचा:
त्यानंतरचंही एक वाक्य टाका हो, नुसती आरती नको. १९२० च्या द्रौपदी नाटकात मयसभेच्या देखाव्यावर पाण्यासारखा पैसा ओतला आणि कंपनी कर्जात गेली. गळा देवाचा, हिशोब मात्र कोणाचाच नाही.

गोदाकाठचा_बाळ्या:
ठरलं. विजयानंद, मग संयुक्त मानापमान, मग स्वयंवरचं तीन मिनिटांचं रडगाणं, द्रौपदीचं कर्ज एका वाक्यात, आणि शेवटी जातं. ताई, आजीचं वाक्य वापरू का? नाव न घेता. आमच्या वाड्यातलं जातं पण आहे, अंगणात उलटं पडलंय, तुळशीचं भांडं ठेवलंय त्यावर. आईला म्हटलं खुंटा धरून दाखव, तर तिने खरंच सैल धरला, मी बघतच राहिलो.
'एकच प्याला'च्या लेबलवर गाण्याचं नाव गेलंय, कसं ओळखू? आणि फुटक्या दोन फेकू का, आई म्हणते घरात फुटकं ठेवू नये.

जात्यावरची:
वापरा की, आजी खूश होईल.

सुईवाला:
फेकू नका!! लेबलाच्या कडेला, गाणं संपतं तिथे गुळगुळीत पट्ट्यात एक नंबर कोरलेला असतो, उजेड तिरपा पाडून बघा, त्यावरून गाणं सापडतं. फुटक्यांचेही नंबर लिहून घ्या, फोटो इथे टाका. तुकडे जाड पुठ्ठ्यात घालून उभे ठेवा, आडवे एकावर एक नकोत. आणि सुई नसेल तर माझ्याकडे एक जादा आहे, पंचवटीत राहतो, व्यनि (खासगी निरोप) करा.