मदत हवी आहे: ऑफिसचा सर्व्हर बंद पडायला आलाय, सेटिंग्ज नव्यावर कशी न्यायची?

शिरोलीकर_हिशेब
शिरोली एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. जुना सर्व्हर कधीही बंद पडेल अशी अवस्था आहे. नवा आलाय, विंडोज घातलंय. डेटा कॉपी झालाय, त्याचं टेन्शन नाही. युजर, पासवर्ड, शेअर फोल्डर, प्रिंटर हे सगळं जसंच्या तसं न्यायचंय. ज्यांनी बसवलं ते फोन उचलत नाहीत. सोमवारी सुट्टी आहे, त्याच दिवशी करायचंय. लवकर सांगा.

राजारामपुरी_नेटवर्क
कोणतं विंडोज, जुनं आणि नवं? डोमेन आहे (सगळ्यांचे लॉगिन सर्व्हर सांभाळतो) का वर्कग्रुप (प्रत्येक मशीनचे लॉगिन वेगळे)? बिघाड नेमका कशात आहे? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

पेंग्विन_कागल
भावा, लिनक्स टाक आणि सांबा (लिनक्सवरून विंडोजसारखे फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर) बसव. आमच्याकडं तेच आहे, लायसनचा खर्च शून्य.

शिरोलीकर_हिशेब
लिनक्स नको, विंडोजच पाहिजे. जुनं २०१२ आर२, नवं २०२२. लॉगिन डोमेनचंच आहे. दोन डिस्क आहेत, एकीवर लाल दिवा लागलाय आणि मशीन मधूनच अडकतं.

उद्यमनगर_हार्डवेअर
म्हणजे रेड १, दोन्ही डिस्कवर एकच डेटा. लाल दिव्याची डिस्क काढा, तेवढीच नवी घाला, रीबिल्ड होऊ दे, म्हणजे चांगल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरेल. बाकीचं निवांत करा. आणि आत भट्टीची धूळ बसली असेल, ब्लोअर मारा. अर्थिंग पण तपासा, आमच्या गल्लीत अर्ध्या मशीन त्यानंच गेल्या.

राजारामपुरी_नेटवर्क
दादा, रीबिल्डची घाई नको. त्यात उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. तीही तेवढीच जुनी असेल, मध्येच गेली तर डोमेनच गेलं. आधी विंडोज सर्व्हर बॅकअपनं सिस्टिम स्टेट (युजर-पासवर्डसकट सर्व्हरच्या सेटिंग्ज) बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या.

उद्यमनगर_हार्डवेअर
इतकी वर्षं रीबिल्ड करतोय, एकदाही असं झालं नाही.

राजारामपुरी_नेटवर्क
झालं नसेल. पण बॅकअप आधी घेतल्यानं बिघडतंय काय?

गूळवाला_शाहूपुरी
जुना सर्व्हर काढणार असाल तर विकायचा आहे का? रॅम किती आहे?

प्रशासक_गोकुळ_शिरगाव
मूळ प्रश्नाकडं येऊ. युजर 'कॉपी' करायचे नसतात. नव्याला वेगळं नाव द्या, डोमेनला जोडा आणि दुसरा डोमेन कंट्रोलर (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) करा. युजर, पासवर्ड, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना लागू होणारे नियम) आपोआप येतात. मग पाचही एफएसएमओ रोल (डोमेनमध्ये एकाच कंट्रोलरकडं असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) नव्यावर न्या आणि 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' देऊन खात्री करा.

डेटा साधा कॉपी-पेस्ट केला असेल तर परवानग्या आल्या नाहीत, त्या नव्या फोल्डरच्या लागल्या. रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) /कॉपीऑल नं रिकाम्या फोल्डरमध्ये पुन्हा न्या. शेअरची नावं रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज साठवायची जागा) लॅनमॅनसर्व्हरखालच्या शेअर्समध्ये असतात, ती की, म्हणजे तो कप्पा, एक्सपोर्ट करा; नव्यावरही ड्राइव्हचं अक्षर तेच हवं. प्रिंटर प्रिंट मॅनेजमेंटमधून एक्सपोर्ट होतात. मशीनना आयपी पत्ते हा सर्व्हरच वाटून देतो का? मग पॉवरशेलमध्ये एक्सपोर्ट-डीएचसीपीसर्व्हर.

या सगळ्याआधी जुन्यावर 'डीएफएसआरमिग /गेटग्लोबलस्टेट' ही कमांड द्या. डोमेन २००३ च्या काळातलं असेल तर अडेल.

शिरोलीकर_हिशेब
दिलं. मायग्रेशन सुरूच झालेलं नाही म्हणतंय. याचा माझ्या कामाशी काय संबंध? आणि टॅली पण त्याच सर्व्हरवर आहे, ती आपोआप जाईल ना?

राजारामपुरी_नेटवर्क
टॅलीचं आत्ता सांगताय! लायसन जुन्या मशीनवरून सरेंडर करावं लागतं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. जुना चालू आहे तोवरच करून घ्या.

पेंग्विन_कागल
म्हणून म्हणतो, लायसनची कटकटच नको.

प्रशासक_गोकुळ_शिरगाव
संबंध आहे. तुमचं सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसी ठेवायचा फोल्डर) अजून जुन्या एफआरएसवर, म्हणजे कंट्रोलरमध्ये फायली जुळवायच्या जुन्या पद्धतीवर आहे. विंडोज सर्व्हर २०१९ पासूनचा सर्व्हर अशा डोमेनमध्ये कंट्रोलर होत नाही. जुन्यावरच 'डीएफएसआरमिग /सेटग्लोबलस्टेट' १, मग २, मग ३ द्या. प्रत्येक टप्प्यानंतर /गेटमायग्रेशनस्टेट देऊन पूर्ण झालं का बघा, तोवर पुढं जाऊ नका. ३ दिल्यावर मागं फिरता येत नाही, म्हणून सिस्टिम स्टेटचा बॅकअप आधी. डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या वर्षाच्या विंडोजच्या पातळीवर चालतं ते) किमान २००८ हवी. तुमची किती आहे?

शिरोलीकर_हिशेब
ती कुठं दिसते?

प्रशासक_गोकुळ_शिरगाव
ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स उघडा, डोमेनच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. २००३ दिसली तर तिथंच राइट क्लिकमधून ती वाढवता येते. सोमवारची वाट बघू नका, बॅकअप आजच लावून घरी जा.