वाढत्या उष्णतेने पंचगंगेकाठची प्रदूषित माती लवकर शुद्ध होईल का?

मत : सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षिका, कोल्हापूर

हवामान तापले की जीवाणूंची भूक वाढेल आणि मातीतील प्रदूषण ते लवकर संपवतील, असा युक्तिवाद हल्ली वारंवार ऐकू येतो. तो मला मान्य नाही. तापमान 10 अंशांनी वाढल्यास जैविक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो हे खरे. परंतु त्यासाठी मातीत ओल असावी लागते आणि तापमानही एका मर्यादेतच राहावे लागते. क्रोमियम, जस्त, तांबे मुरलेल्या मातीत जीवाणूंची बरीचशी ऊर्जा हे धातू पेशीबाहेर ढकलण्यात जाते आणि वैशाखात माती कोरडी पडली की पेशीतील पाणी राखण्यासाठीही तीच ऊर्जा खर्चावी लागते. दोन्ही ताण एकत्र आले की अमोनियाचे नायट्रेट करणारे नाजूक जीवाणू आधी मागे पडतात आणि मोजक्या चिवट जाती उरतात. त्या चिवटपणाचे कौतुकही जपूनच करावे, कारण धातू सोसण्याची आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके अनेकदा शेजारी-शेजारी असतात.

प्रतिवाद : कापड प्रक्रिया उद्योगातील रसायनतज्ज्ञ, इचलकरंजी

बाई उन्हाळ्यापाशीच थांबल्या. आपल्या जिल्ह्याला बदलत्या पावसाचा तडाखा बसतो तो महापुरातून. धोक्याची पातळी 43 फूट असताना 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. पाण्याखाली राहिलेल्या मातीतला प्राणवायू संपतो, हे नुकसानच आहे असे का धरावे? कापड रंगवायच्या अझो रंगांतील नायट्रोजनचा दुहेरी बंध जीवाणू प्राणवायूविना अधिक सहज तोडतात आणि घातक षट्संयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूपही अशाच स्थितीत होते. रंग तुटल्यावर मागे उरणारी अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स ही संयुगे विषारी असतात आणि त्यांच्या विघटनाला हवा लागते. पण पूर ओसरून वाफसा आला की हवा मिळतेच. सांडपाणी शुद्ध करताना हेच दोन टप्पे मुद्दाम आखले जातात.

शिक्षिकांचे उत्तर

टाकीतला वेळ आपल्या हातात असतो, शिवारातला नसतो. प्राणवायू संपल्यावर जीवाणू लोहाच्या ऑक्साइडचा वापर श्वसनासाठी करतात. ते विरघळले की त्याला चिकटलेले इतर धातू मोकळे होऊन पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचू शकतात. काही धातू सल्फाइडच्या रूपात बांधले जातात खरे, पण माती वाळताच सल्फाइडचे सल्फेट होते आणि ते धातू पुन्हा पाण्यात उतरतात. पूर आणि कडक कोरड यांची अदलाबदल जितकी वारंवार, तितकी ही उघडझाप वारंवार. प्रत्येक वेळी सुकी माती भिजली की कार्बन डायऑक्साइडचा एक लोट बाहेर पडतो तो वेगळाच.

शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक

दोघांचेही म्हणणे वाचले, तरी सगळा दोष हवामानाच्या माथी मारणे मला पटत नाही. पूर उतरल्यावर आमच्या रानात ढेकूळ फोडले, तर आतून निळसर-करडे निघते, त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि मुळांच्या कडेने तांबड्या गंजाच्या रेषा दिसतात. निचरा असलेल्या शेजारच्या रानात हे लवकर नाहीसे होते. पाणी न जिरणाऱ्या चोपण रानात मात्र महिनोन्महिने टिकते. उसाला वर्षानुवर्षे वारेमाप पाणी पाजून तालुक्यातील जमीन क्षारपड झाली ती आमच्या हातांनी, आणि मळीचे व रंगाचे पाणी नदीत आले तेही माणसांनीच सोडल्यामुळे. जमिनीत सच्छिद्र पाईप टाकून निचरा केला, तर रसायनतज्ज्ञ म्हणतात तो हवेचा दुसरा टप्पा निदान सुरू तरी होईल.

रसायनतज्ज्ञांचे उत्तर

निचऱ्याशी मी सहमत आहे, पण त्या पाइपांतून क्षारांबरोबर सुटे झालेले धातूही पुन्हा नदीतच येतील, याचा विचार कोण करणार? मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासले जातात; त्यांत जस्त आणि तांबे पिकाचे पोषण म्हणून आहेत, क्रोमियम नाही आणि सूक्ष्मजीवांची क्रियाही नाही. पूरपट्ट्यातील रानांसाठी या दोन तपासण्या पावसाळ्याच्या आधी आणि वाफसा आल्यावर अशा दोनदा व्हाव्यात, एवढी मागणी तरी आपण तिघांनी मिळून करावी. पुराविषयीचे माझे मत अजून बदललेले नाही.