किरा मुरातोवा: कुठून सुरुवात करू?

पावसाळी_छत्री:
रविवारी सोव्हिएत दिग्दर्शिका किरा मुरातोवाचा 'अस्थेनिक सिंड्रोम' (१९८९) लावला. नवरा गेलेल्या बाईचा संताप, सगळं कृष्णधवल. जरा सूर लागतोय तोवर कळलं, हा सिनेमातला सिनेमा! पुढे रंगीत, आणि मास्तर जिथे तिथे झोपतोय. त्याच्याबरोबर मीही झोपले. बर्लिनला बक्षीस मिळालंय म्हणे. माझं काय चुकलं?

रात्रपाळी:
काही नाही, फक्त गच्चीवरून जिना चढायला घेतलात. आधी १९६७चा 'ब्रीफ एन्काउंटर्स' बघा. शोधताना साल टाका, नाहीतर डेव्हिड लीनचा १९४५चा इंग्रजी सिनेमा पुढ्यात येतो. मी तो निम्मा बघितला आणि मग शंका आली. :)

यात मुरातोवा स्वतःच नायिका आहे, पाणीपुरवठ्याचं काम बघणारी अधिकारी. सुरुवातीलाच भाषण लिहायला बसलीय, 'कॉम्रेडहो'च्या पुढे गाडी सरकत नाही, आणि तिकडे खरकटी भांडी पडलीत. घासू की नको? हीच बाई नव्या इमारतीत पाणी नाही म्हणून मंजुरी अडवून धरते. तिचा माणूस भूगर्भशास्त्रज्ञ, कायम फिरतीवर (व्लादिमीर विसोत्स्की, गिटारसकट). घरात कामाला आलेल्या खेड्यातल्या पोरीचा जीवही त्याच्यावरच जडलेला, आणि बाईंना पत्ता नाही. रडारड मात्र शून्य.

कडू_कारलं:
+१. मग 'लाँग फेअरवेल' (१९७१). वयात आलेला मुलगा बापाकडे जायचं म्हणतो आणि आई कासावीस होते. अंधारात एकटी बसून मुलाच्या स्लाइड्स भिंतीवर बघते, तो प्रसंग मला पुरून उरला. राजकारणाचा एक शब्द नाही, तरी सिनेमा डब्यात गेला तो थेट १९८७ला बाहेर आला! मला वाटतं, माणसं इतकी चिडचिडी आणि तऱ्हेवाईक दाखवणं हेच सोव्हिएत सरकारी साहेबांना खुपलं असणार. १९८३च्या सिनेमाची तर इतकी कापाकापी झाली की बाईंनी आपलं नाव काढून 'इव्हान सिदोरोव' लावलं. म्हणजे आपल्याकडचं 'अमुक तमुक'.

नवखा_प्रेक्षक:
लारिसा शेपित्को पण बघा, तीही सोव्हिएत दिग्दर्शिका. 'द असेंट' (१९७७).

कडू_कारलं:
जरूर बघा, पण तो पिंडच वेगळा. तिथे बर्फ, युद्ध, हौतात्म्य. इथे माणसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहतात. त्याने वैताग येत असेल, तर मुरातोवाच्या नादी लागू नका.

पावसाळी_छत्री:
काल 'ब्रीफ एन्काउंटर्स' झाला, जागेपणी! भांड्यांचा प्रसंग मागे नेऊन दोनदा बघितला. माझी अजून सिंकमध्येच आहेत.