एएफओ लावला की घरात गुडघा मागे जातो – मदत हवी आहे

मुक्ता_न
पक्षाघातानंतर बाबांच्या डाव्या पायाला फूट ड्रॉप आहे, म्हणजे पंजा वर उचलला जात नाही. नवा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार) येऊन तीन आठवडे झाले. पंजा घासणे थांबले, पण त्या पायावर भार आला की गुडघा खटकन मागे जातो. बाहेर फिरताना होत नाही, घरातच होते. जिथे बनवून घेतला तिथे "सवय होईल" एवढेच सांगतात. नी कॅप घ्यायची की एएफओ परत करायचा? सोमवारपर्यंतच मुदत आहे, लवकर सांगा.

सह्यकडा
कोणता एएफओ? घोट्याला सांधा आहे की अखंड? कडा घोट्याच्या हाडांच्या पुढून जातात की मागून? आणि गुडघा नेमका कधी जातो, टाच टेकताच की दुसरा पाय पुढे निघताना?

मुक्ता_न
पांढरा प्लॅस्टिकचा. बाकीचे बघून सांगते.

आजोळ
स्वीडिश नी केज घ्या. मांडीवर एक आणि नडगीवर एक असे दोन पट्टे पुढून, एक गुडघ्याच्या मागून. गुडघा मागे जायची सोयच राहत नाही.

चाफा
आजोळ, गुडघा मागे का जातो हे न बघता केज? एका हाताने पट्टे लावणे अवघड, आणि सैल मांडीवर ती खाली घसरते. चालीच्या चक्रात टाच टेकल्यापासून १२ टक्क्यांपर्यंत गुडघा १५ ते २० अंश वाकून धक्का घेतो. तळवा टेकला तेव्हा नडगी मागे कललेली असेल, तर भाराची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते आणि त्याला मागे ढकलते. कारण नडगीत आहे, उपाय गुडघ्यावर कशाला?

आजोळ
कारण शोधेपर्यंत गुडघ्यामागचे लिगामेंट ताणत राहते, म्हणून. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असला तर माणूस गुडघा मुद्दाम मागे टेकवून उभा राहतो. तेही कारणच आहे.

चाफा
हे मान्य. म्हणून नडगी पुढे कलवतानाही बेताने. जास्त कलली तर तोच गुडघा पुढे दुमडेल आणि पडतील.

टेकडीवाला
सांध्याचा एएफओ घ्या. पंजा खाली पडू देत नाही, पण नडगीला पुढे जाऊ देतो. खुर्चीतून उठताना, जिना उतरताना फार फरक पडतो.

सह्यकडा
पोटरी ताठ असेल तर सांधा उघडतच नाही. नडगी पुढे जाते ती तळव्याच्या मधल्या भागातून मोडून, कमान खाली बसते. आधी तपासा: बाबांना झोपवून गुडघा सरळ ठेवा, टाच हातात धरून पंजा हळूहळू वर आणा. काटकोनापर्यंत येतो का? मग गुडघा वाकवून तेच करा. वाकवल्यावरच येत असेल तर पोटरीचा वरचा स्नायू आखडला आहे. मग काटकोनातला एएफओ टाचेला आतून वर उचलणारच.

शेवंती
काठी उजव्या हातात द्या, म्हणजे दुबळ्या पायाच्या विरुद्ध. उंची मनगटाच्या घडीपर्यंत, कोपर २० ते ३० अंश वाकलेले. खालचे रबर झिजले की लगेच बदला.

मुक्ता_न
काठी आहेच, उजव्याच हातात. अखंड एएफओ आहे, कडा घोट्याच्या पुढून जातात. पंजा गुडघा सरळ असतानाही काटकोनापर्यंत येतो. गुडघा मागे जातो तो तळवा पूर्ण टेकल्यावर. नी केज कुठे मिळेल?

चाफा
थांबा. बाहेर होत नाही म्हणालात. बाहेर पायात काय असते, आणि घरात काय?

मुक्ता_न
बाहेर बूट. घरात अर्थात काही नाही, नुसता एएफओ.

चाफा
हेच हवे होते! बुटाच्या तळाची जाडी टाचेखाली आणि चवड्याखाली मोजा. मग तेच बूट पुसून घरात घाला आणि दहा पावले चालवा. कुणीतरी शेजारी राहा.

मुक्ता_न
टाचेखाली ३० मिलिमीटर, चवड्याखाली १२. बूट घालून घरात गुडघा मागे गेला नाही!

चाफा
फरक १८ मिलिमीटर. टाच ते चवडा १५ सेंटीमीटर धरा, म्हणजे बूट नडगीला जवळजवळ ७ अंश पुढे कलवतो. एएफओने घोटा बांधलेला आहे, त्यामुळे बूट काढला की नडगी तेवढीच मागे येते आणि गुडघा सुमारे ५ सेंटीमीटर मागे सरकतो. एएफओ बुटासकटच बसवलेला आहे, बिघडलेला नाही. परत करू नका.

टेकडीवाला
मग एएफओच्या तळाला १८ मिलिमीटरची पाचर चिकटवा, काम संपले.

सह्यकडा
नुसत्या टाचेखाली ठोकळा लावू नका. मधला भाग अधांतरी राहतो, प्लॅस्टिक वाकून तिथेच चिरते. बोटाने न दबणारे ईव्हीए (फोम) घ्या, टाचेशी १८, चवड्याच्या मागे शून्य, आणि तळाला एमसीआर रबर. नुसते प्लॅस्टिक फरशीवर घसरते. पण डावा पाय उंच झाला की उजव्या अनवाणी पायापेक्षा तो लांब पडेल आणि हवेतून पुढे झुलताना पंजा पुन्हा घासेल. झुलत्या पायाच्या बोटांखाली जागा असते जेमतेम एक-दीड सेंटीमीटर. म्हणून उजव्या पायातही तेवढ्या उंचीचे काही हवे. त्यापेक्षा घरात दोन्ही पायांत बूट बरे.

मुक्ता_न
आई घरात बूट चालू देणार नाही. देवघर मधल्याच खोलीत आहे.

शेवंती
कधीच बाहेर न नेलेला कोरा जोड घ्या, फक्त घरचा. मागे पट्टा असलेली सँडलही चालेल, टाच आत घट्ट बसली पाहिजे. चप्पल नको.

चाफा
दुकानात मोजपट्टी न्या. तळव्यांतला फरक १८च्या आसपास हवा, नुसती टाचेची उंची बघून घेऊ नका. एएफओ आत बसायला डावा अर्धा-एक नंबर मोठा लागेल, आतली गादी काढूनही पाहा.

आजोळ
आणि मांडीच्या स्नायूची ताकद फिजिओकडून एकदा तपासून घ्या. ते कुणीच विचारले नाही.

मुक्ता_न
उद्या सकाळी जोड आणते. रात्री बाथरूमला उठतात तेव्हा एएफओ लावतच नाहीत, त्याचे काय करायचे?