अकोल्याहून ठाण्यात आलोय, हा घाम आणि बाहेरचं खाणं कसं जमवायचं?

वऱ्हाडी_गडी:
नमस्कार मंडळी, नोकरीसाठी नुकताच ठाण्यात आलोय, वर्तकनगरला रूमवर राहतो. आमच्याकडे मे महिन्यात 44-45 पारा म्हणजे नेहमीचंच, पण तिथे कधी एवढं गळून गेल्यासारखं झालं नाही जेवढं इथे 34 ला होतंय. आंघोळ करून शर्ट घातला की स्टेशन येईपर्यंत पाठीला चिकटलेला, रात्रीसुद्धा गार होत नाही, आईने दिलेल्या चिवड्याचा डबा नीट लागला नाही तर सकाळपर्यंत सादळतो. घरचे म्हणतात कूलर पाठवतो, मागवू का?
दुसरं म्हणजे खाणं. मेस अजून लागली नाही, स्टेशनबाहेर पडलं की तळणाचा वास येतो आणि पाय थांबतोच, पण रूममेट म्हणतो नवीन माणसाचं पोट आधी बिघडतं. शेगावची कचोरी खाऊन वाढलोय, तिखटाचं टेन्शन नाही. कुठं काय खाऊ न् काय टाळू ते सांगा. बाकी शहर लय आवडलं, संध्याकाळी तलावपाळीला बसलं की उठावंसं वाटत नाही.

नौपाड्याची_ताई:
कूलर अजिबात मागवू नकोस रे दादा. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, ते कोरड्या हवेत जमतं, इथली हवा आधीच ओली असते त्यामुळे हवा गार तर होतच नाही, उलट खोलीत दमटपणा वाढतो आणि मग गादीसुद्धा ओलसर लागते. घामाचंही तेच आहे, तो उडाला तरच अंग गार होतं, इथे तो उडत नाही नुसता वाहतो, म्हणून 34 ला जीव नकोसा होतो. त्यापेक्षा खिडक्या समोरासमोरच्या उघड्या ठेव, पंखा चांगला घे, सुती कपडे घाल आणि बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी ने, नुसतं पाणी पिऊन भागत नाही कारण घामातून मीठही जातं. घामोळं आलं तर दोनदा आंघोळ. थोडे दिवस जाऊ देत, अंगाला सवय होते.
आता खाणं! विष्णूनगरला गजानन वडापाव आहे, तिथे जा आणि पिवळी चटणी मागून घे. बेसनाची पातळसर चटणी असते, वड्यावर ओततात, सोबत तळलेली मिरची, आणि वडा थेट कढईतून आलेला असतो, हातात धरवत नाही इतका गरम. लोक चटणी परत परत मागतात, कोणी काही म्हणत नाही. नवीन माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे, कारण उकळत्या तेलातून निघालेलं खाल्लं तर पोटाला धोका कमी, बिघडवतं ते पाणी, बर्फ आणि चिरून ठेवलेलं.

जुना_ठाणेकर:
ताईंशी सहमत, पण मिसळ कशी विसरलात!! मामलेदार मिसळ, तहसील कचेरीला लागून, 1946 पासून चालू आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. पहिल्यांदा मीडियम घ्या, अकोल्याचे असलात तरी, तिथली तर्री हलक्यात घेण्यासारखी नाही. आणि ऑफिसमधून येताना भूक लागली असेल तर स्टेशनजवळ कुंजविहारला मोठा वडापाव मिळतो, एकात पोट भरतं.

वाशीकर_कोकणी:
माझा मुद्दा बर्फाचा. मासळी वगैरे टिकवायला जो बर्फ वापरतात तो खाण्याचा नसतो, त्यात निळा रंग घालायचा असा नियम राज्यात 2018 मध्ये आलाय, पण गाडीवाल्याकडे कुठला बर्फ आहे हे ग्लासात पडल्यावर कळणार कसं, म्हणून उसाचा रस घेतलात तर बिनबर्फाचा सांगा. त्यापेक्षा शहाळं बेस्ट, समोर फोडून देतात. ताडगोळे पण आत्ताच खाऊन घ्या, उन्हाळा सरला की मिळणार नाहीत, फक्त सोललेले ठेवलेले घेऊ नका, समोर सोलायला लावा. आंब्यासाठी सुट्टीच्या दिवशी ट्रेनने वाशीला या, एपीएमसीच्या फळबाजारात पेटी घेतली तर गल्लीतल्यापेक्षा स्वस्त पडते, रूमवर चौघं मिळून घ्या.

वऱ्हाडी_गडी:
लय आभार सगळ्यांचे! कूलर कॅन्सल, घरी सांगून टाकलं. पाणीपुरीचं कोणी बोललं नाही, तलावपाळीला रोज दिसते आणि खावीशी वाटते.

नौपाड्याची_ताई:
आत्ता खा, ज्या गाडीवर गर्दी असते तिथेच खा, आणि रगडा गरम आहे ना ते बघ. पाऊस सुरू झाला की मात्र महिना दोन महिने बंद ठेव, काविळीचे आणि टायफॉइडचे पेशंट त्याच दिवसांत वाढतात. तेव्हा उपवनला जा, तळ्याकाठी निखाऱ्यावर भाजलेलं कणीस मिळतं, लिंबू-मीठ-तिखट चोळून. छत्री मोठी घे, फोल्डिंगची इथल्या वाऱ्यात टिकत नाही.