मदत हवी आहे : गट ग्रामपंचायतीतल्या दुसऱ्या गावाला भारतनेटची लाइन कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. आमची गट ग्रामपंचायत आहे, तीन गावं मिळून एक. भारतनेटची (गावोगावी इंटरनेट पोहोचवायची केंद्राची योजना) फायबर पंचायत कार्यालयापर्यंत आली आहे, पण ते कार्यालय शेजारच्या गावात. आमचं गाव तिथून चार किलोमीटर, मध्ये ओढा आणि घाट. शाळेतले गुरुजी ऑनलाइन माहिती भरायला मोबाइल घेऊन देवळामागच्या टेकाडावर चढतात. (पावसाळ्यात तेही नाही.)

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट मंजूर केलं, १ लाख ३९ हजार कोटींचं. त्यात पंचायतीचं मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना 'मागणीनुसार' जोडणी द्यायची आहे. माझं घोडं या 'मागणी'पाशीच अडलंय. मागणी करायची कुणी? ग्रामसभेचा ठराव पुरतो की घराघरांतून अर्ज लागतात? ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा, जिल्हा परिषदेत की थेट बीएसएनएलकडे? योजना केंद्राची, रस्ता जिल्हा परिषदेचा, खांब महावितरणचे आणि घाटातली जमीन वनखात्याची. जिथे जावं तिथे दुसऱ्या दाराकडे बोट.

अजून एक. नव्या रचनेत फायबर वर्तुळात टाकतात, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून चालू राहते. आमच्यासारख्या टोकाच्या गावालाही ते मिळतं का?

कुणाच्या गावाने हे केलं असेल तर ठरावाचा मसुदा टाकाल का? येत्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे.